शिलाईवाल्याचं मत

"चांगलं पुस्तक सुचवा," म्हणालात, ताई,
"साडेपाच वर्षांचा आहे. गोष्टीचं एक, माहितीचं एक,
पण कंटाळा येता कामा नये."
मी वाचणारा नव्हे, शिवणारा.
रावपुऱ्याच्या या बोळात एकतीस वर्षं
पोत्यातून पुस्तकं येतात, शाळांची, वाचनालयांची,
हात मोडलेली, पाठ सुटलेली.
तेव्हा माझं मत फक्त जखमांवरून.

सोनेरी अक्षरांचं ते सद्गुणांचं जाडजूड
शाळेच्या कपाटात दिसतं मला, माल पोचवायला गेलो की.
तब्येत ठणठणीत.
माझ्याकडे एकदाही आलं नाही.
ते नको.

ही घ्या. शेपूट भाड्याने देणारी खार.
तिसऱ्यांदा आलीय, आणि नेहमी एकाच जागी उसवते,
जिथे ती भाडं मागायला हत्तीच्या दारात उभी राहते.
म्हणजे तिथे पुस्तक पालथं पडतं रोज.
पोट धरायला दोन्ही हात लागतात ना.

नळाला पाणी कुठून येतं, ते हे.
पाइपाच्या चित्रावर वरण, टाकीवर लोणच्याचं तेल.
जेवतानाही सुटलं नाही हातातून.
हे हाडांचं. सांगाड्याला कुणीतरी
निळ्या पेनाने चड्डी घातलीय.
खोडायला गेलो, आणि नाही खोडली.
चंद्राच्या पुस्तकात पौर्णिमेचं पान
बोटं फिरवून फिरवून पांढरं पडलंय,
खड्डे आता जवळजवळ बुजले.

मागे वय छापलेलं असतं, तिकडे बघू नका.
माहितीचं पुस्तक पँटसारखं घ्यावं,
दोन बोटं मोठं, दुमडून वापरता येईल असं.
गोष्टीचं लहान झालं तरी चालतं.
जुना सदरा झोपताना बरा वाटतो.

अहो, त्याला नका रागावू. घेऊ दे.
काय नाव तुझं? विहंग?
विहंगराव, खळ ओली आहे, बोट चिकटेल,
त्यात मोरचूद आहे, तोंडात घालायचं नाही.
ते मगरीचं. कव्हर गेलं, नवा पुठ्ठा घातला.
बारानंतर एकदम पंधरा,
मधलं पान कुणीतरी घरी नेलं असणार.
काय होतं त्यावर? मला काय माहीत बाबा.
कोरा कागद कापून ठेवलाय, शिवला नाही अजून.
असं कर, तो घेऊन जा.
आईला म्हणावं काळ्या घोड्याच्या पुलावर ने,
विश्वामित्रीत खाली बघ,
दिसेल ते लिही, आणि आण.

मला वाटलं, विसरेल.
मुलं विसरतात, आया तर कामातच असतात.
बुधवारी तुम्ही आलात, ताई, घाईत,
स्कूटर बंद न करताच कागद दिलात.

एक लांब मगर, दात मोजून मोजून
शेवटी कंटाळून नुसत्या रेघा.
तोंडात तीन पिल्लं, तिघंही हसतात.
खाली लिहिलेलं:
"खात नाही. नेते. ती आई आहे.
पुलावरच्या खारी शिंगवाल्या काकांनी सांगितलं."

अक्षरं सगळी बरोबर.
घरची मराठी, शाळेतला गुजराती हात,
कुठल्याच शब्दावर वरची रेघ नव्हती.
उघडी डोकी सगळ्यांची,
पुलावर ओणवलेल्या मुलांसारखी.

पट्टी हातात होती, पेन्सिलही.
दोन्ही खाली ठेवली.
दोऱ्याला मेण लावलं
आणि शिवून टाकलं ते पान,
जसं होतं तसं,
बारा आणि पंधराच्या मध्ये.